एल्कसाठी ठासणीच्या बंदुकीत किती आणि कसला बार भरावा? – कोलोरॅडो

पठारावरचा · ९ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी.

यंदा शिकारीच्या परवान्यांच्या ड्रॉमध्ये, म्हणजे सोडतीत, नाव लागलं. कोलोरॅडोतल्या सप्टेंबरच्या मझललोडर हंगामासाठी मादी एल्कचा (एल्क म्हणजे इथलं थोरलं हरीण) परवाना मिळाला. फोर्ट कॉलिन्सला येऊन नऊ वर्षं झाली. रायफल घेऊन दोनदा गेलो, दोन्ही वेळा हात हलवत परत आलो. मझललोडर म्हणजे आपली ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी गजाने ठासायची, मागे टोपी लावायची आणि एकच बार काढायचा. आजोळी कुडाळजवळ पडवीत एक टांगलेली असायची, आम्हा पोरांना तिला हात लावायची परवानगी नव्हती. बार भरायला शिकलो तो इथे, गेल्या हिवाळ्यात.

बंदूक ५० कॅलिबरची, नव्या घडणीची, टोपीचं काम करणाऱ्या २०९ प्रायमरवर उडणारी. नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या खाचा, २८ इंचांत एक फेरा घेतात. दारू ट्रिपल सेव्हन, म्हणजे काळ्या दारूचा पर्याय, सुटी, १०० ग्रेन (वजनाचं बारीक एकक) मापाने. गोळी हॉर्नडीची ग्रेट प्लेन्स, ३८५ ग्रेन, मऊ शिशाची. ५० यार्डांवर तीन गोळ्या वाटीच्या तोंडाएवढ्या जागेत बसतात. १०० यार्डांवर मात्र कधी सात इंच पसारा, कधी नऊ. दुसरी गोळी ठासताना गज अडतो, तिसरीला तर अंगाचा भार टाकावा लागतो.

रेंजवरचा एक मित्र म्हणतो, एल्क म्हणजे धिप्पाड जनावर, १२० भर. व्हिडिओत तर लोक १५० ग्रेनच्या वड्या टाकून दुर्बिणीतून २०० यार्डांवर मारताना दिसतात. दारू वाढवू, गोळी बदलू की माझंच काही चुकतंय? ज्यांनी प्रत्यक्ष एल्क पाडलाय त्यांनी जरा सविस्तर सांगा.

देवदार · १० जून, सकाळी ६:१५

अभिनंदन. चौदा हंगाम याच बंदुकीने केलेत, त्यातल्या सहांत फ्रीझर भरला. तेव्हा सविस्तरच लिहितो.

तुम्ही बघितलेले बरेच व्हिडिओ दुसऱ्या राज्यांतले आहेत. आपल्या मझललोडर हंगामात दाबून केलेल्या वड्या चालत नाहीत, दारू सुटीच हवी. धूरविरहित दारू चालत नाही. प्लास्टिकच्या वेष्टणातली लहान व्यासाची गोळी, म्हणजे सॅबो, चालत नाही. दुर्बीण नाही, बॅटरीवर चालणारं काही नाही. चमकत्या धाग्याची माशी, म्हणजे नळीवरचा नेम धरायचा टिपका, चालते. एल्कसाठी नळी किमान ५० कॅलिबर, गोळी किमान १७० ग्रेन आणि तिची लांबी व्यासाच्या दुपटीच्या आत. तुमची गोळी यात चोख बसते. दर वर्षीचं नियमपुस्तक मात्र स्वतः वाचा, माझ्यावर विसंबू नका.

आता दारू. ट्रिपल सेव्हन ही तेवढ्याच मापाच्या काळ्या दारूपेक्षा साधारण १५ टक्के जोरकस असते. म्हणजे तुम्ही १०० भरता तेव्हा जुन्या हिशेबाने ११५च्या आसपास भरलेलंच आहे. त्यावर १२० भरायला सांगणाऱ्या मित्राचं ऐकू नका. डब्यावर आणि बंदुकीच्या पुस्तिकेत जी कमाल लिहिली आहे ती ओलांडायचीच नाही, आणि त्या कमालीला जाऊन भिडायचीही गरज नसते.

का नसते, ते आकड्यांत सांगतो. गोळीची ताकद फूट-पाउंडांत काढायची तर ग्रेनमधलं वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. ३८५ ग्रेनची गोळी नळीतून १४०० फूट सेकंदाने निघाली तर होतात १६७५च्या आसपास. दारू वाढवून १५०० केला तर १९२५. कागदावर फरक मोठा दिसतो. पण ही बोथट गोळी हवेत झपाट्याने मंदावते. १०० यार्डांवर पहिली साधारण ११५० वर येते, दुसरी १२०० वर. तिथे फरक उरतो शंभरेक फूट-पाउंडांचा, आणि त्यासाठी खांद्याला बसणारा दणका मात्र दर गोळीला पुरेपूर सोसायचा. दणक्याला माणूस नकळत बिचकतो. चाप ओढायच्या आधी डोळा मिटतो, खांदा आक्रसतो. माझ्या पाहण्यात बहुतेक नेम चुकले ते यामुळे.

एल्क ताकदीच्या आकड्याने मरत नाही. दोन्ही फुप्फुसांतून गोळी आरपार गेली की मरतो. मादी सव्वादोनशे किलोची, नर तीनशेच्या वर. केस दाट, कातडं जाड, बरगड्या रुंद. यातून सरळ वाट काढते ती जड, मऊ, सावकाश गोळी. आत शिरल्याचं एक भोक आणि पलीकडे निघाल्याचं एक, अशी दोन भोकं मला हवी असतात. एल्कच्या केसांनी आणि चरबीने एकच भोक चटकन बुजतं आणि मग स्प्रूसच्या जंगलात रक्ताचा माग लागता लागत नाही.

हे शिकायला मला एक जनावर घालवावं लागलं. तिसऱ्या हंगामात मी पोकळ टोकाची हलकी गोळी वापरत होतो, दारू भरपूर. ३० यार्डांवर तरणा नर समोर आडवा उभा राहिला. गोळी खांद्याच्या हाडावर लागली आणि तिथेच चिंधड्या होऊन पसरली, आत पुरेशी गेलीच नाही. दोन दिवस शोधलं. तिसऱ्या दिवशी कावळ्यांनी दाखवलं. मांस हाती लागण्यासारखं नव्हतं. त्यानंतर हलकी गोळी आणि भरमसाट दारू हे समीकरण मी कायमचं सोडलं.

माझा सल्ला: ७० ग्रेनपासून सुरू करा, पाच-पाचने ९० पर्यंत जा. प्रत्येक पायरीला तीन गोळ्या, दोन गोळ्यांच्या मध्ये ओलसर चिंधी नळीतून एकदा फिरवून मग कोरडी. जिथे तीन भोकं सगळ्यांत जवळ पडतील तो तुमचा बार. माझ्या नळीला ८० आवडतं. तुमची नळी काय म्हणेल ते तिलाच विचारायला हवं.

आटेपिळे · १० जून, सकाळी ९:०२

देवदारकाकांच्या प्रतिसादाला +१. गज का अडतो तेवढं सांगतो, कारण तुमच्या पसाऱ्याचं मूळ बहुधा तिथेच आहे.

ट्रिपल सेव्हन जळल्यावर गोळी जिथे बसते त्याच्या आसपास नळीत एक कडक, खवल्यासारखं कडं धरतं. गरम प्रायमरने ते जास्त होतं. दुसरी गोळी त्या कड्यावर येऊन थांबते. तुम्ही जोर लावता, मऊ शिशाचं टोक चेपतं, गोळी थोडी तिरकी बसते. कधी ती दारूपर्यंत पोचतही नाही आणि मध्ये पोकळी राहते. ही पोकळी धोकादायक आहे. दाब भलत्या जागी चढून नळी फुगते, फाटूही शकते. म्हणून चिंधी फिरवणं टाळू नका. मझललोडरसाठी मुद्दाम केलेले सौम्य २०९ प्रायमरही मिळतात, त्यांनी कडं बरंच कमी होतं.

दुसरी वाट ब्लॅकहॉर्न २०९ नावाच्या दारूची. ती ओल फारशी धरत नाही, कडं करत नाही, मध्ये पुसावं लागत नाही. पण महाग, आणि तिला चांगला कडक २०९ प्रायमरच लागतो, साध्या टोपीवर भरवसा नाही. तिचं माप नीट समजून घ्या. मापाचे १०० ग्रेन वजनाला भरतात ७० च्या आसपास. घरच्या वजनकाट्यावर १०० ग्रेन तोलून ओतलेत तर प्रमाणाबाहेर बार भरला जाईल.

कुडाळकर_बाप्पा · १० जून, रात्री ९:२०, भारतीय वेळ

कुडाळचं नाव वाचून लॉगिन केलं. माझ्या बाबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आजही आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंदच, तेव्हा ती उडते ती भातात रानडुकरं आणि नारळीत माकडं आली की नुसता आवाज काढायला. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची. एल्क मी फोटोतच बघितला, पण बार भरण्याबद्दल बाबांनी शिकवलेलं एक सांगतो.

गजावर खूण. नळी रिकामी असताना गज आत सोडायचा, तोंडाशी जिथे येतो तिथे चाकूने पहिली रेघ. मग ठरलेला बार नीट ठासून पुन्हा गज सोडायचा, दुसरी रेघ. पहिली रेघ तोंडाशी आली तर बंदूक रिकामी. दुसरी आली तर बार बरोबर. दुसरी रेघ नळीच्या वर राहिली तर गोळी बसलेली नाही किंवा दोन बार भरलेत. आमच्या वाडीत एकाने रात्री घाईत बारावर बार भरला होता. नळी फुटून त्याची दोन बोटं गेली. बाबा अजून अंधारात अंगठ्याच्या नखाने ती रेघ चाचपतात.

आणि ठासायचं किती, तर गज हातातून उडी मारेपर्यंत, असं इथले जुने लोक सांगतात.

देवदार · १० जून, दुपारी १२:५५, डेन्व्हर वेळ

बाप्पा, रेघेची गोष्ट सोन्यासारखी. पठारावरचा, आजच्या आज करून टाका. नायलॉनचा गज असेल तर पांढऱ्या रंगाने खूण करा.

गज उडवण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. छर्ऱ्यांच्या बाराला ते ठीक असेल. शिशाच्या लांबट गोळीचं टोक त्या ठोक्यांनी चेपतं आणि दर वेळी वेगळं चेपतं. एकदा दारूवर टेकली की सारखाच, भक्कम दाब द्यायचा आणि थांबायचं. दर वेळी तोच दाब हवा, मोठा पसारा आवरण्यात याचा वाटा फार असतो.

मोगरा_माँट्रोज · ११ जून, सकाळी ७:४८

मी जुन्या पद्धतीची बंदूक वापरते. बाजूला घोडा, पितळी टोपी, ५४ कॅलिबर, कापडी चिंधीत गुंडाळलेली गोल गोळी. गोल गोळीने एल्क होतो का, हा पुढचा प्रश्न कुणीतरी विचारणारच, म्हणून लिहिते.

होतो, पण जवळून. माझी गोळी साधारण २२४ ग्रेनची. नळीशी १६०० फूट वेग, तिथे १२७० फूट-पाउंड. चेंडू हवेत फार लवकर दमतो. १०० यार्डांवर वेग हजाराच्या आसपास, ताकद पाचशेच्या आत-बाहेर. म्हणून मी ६० यार्डांपलीकडे चापाला बोट लावत नाही. ५० कॅलिबरची गोल गोळी १७७ ग्रेनची, ती नियमात बसते, पण एल्कवर मी वापरणार नाही. गोल गोळीला आटे सावकाश फिरणारे हवेत, ६० ते ६६ इंचांत एक फेरा. तुमच्या २८ च्या नळीतून जोरकस बारावर ती आट्यांवरून घसरते. तुम्ही लांबट गोळीलाच धरून राहा.

आता माझी चूक. दुसरा हंगाम, ग्रँड मेसाचा उतार, आदल्या रात्री पाऊस. हंगामाआधी मी नळीला भरपूर तेल लावून ठेवलं होतं. पहाटे वरवर पुसलं, दारू ओतली, गोळी ठासली. सात वाजता मादी चाळीस पावलांवर ॲस्पेनच्या झाडांतून निघाली. चाप ओढला. फट्ट, टोपी उडाली. मी खांदा सैल सोडला आणि तेवढ्यात धडाम. अर्ध्या सेकंदाने बार पेटला, तोवर नळी जमिनीकडे झुकली होती. गोळी मातीत गेली, जनावर वाचलं, आणि मला त्याबद्दल आजही बरं वाटतं, कारण ती पोटात लागली असती. निप्पलच्या, म्हणजे टोपी बसते त्या नळकांडीच्या, भोकात उरलेल्या तेलाने दारूचा तळ भिजला होता.

तेव्हापासून बार भरायच्या आधी नळी कोरड्या चिंधीने पुसते आणि दोन टोप्या रिकाम्याच उडवते. नळीचं तोंड गवताच्या पात्यावर धरायचं. पातं हललं म्हणजे वाट मोकळी. मग दारू. तोंडावर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावते, पाऊस आत जात नाही आणि गोळी ती सहज फोडून जाते. सप्टेंबरच्या दुपारी डोंगरात गडगडाट होतोच, तेव्हा हे कंटाळा न करता करा. आणि टोपी उडून बार पेटला नाही तर नळी निदान मिनिटभर सुरक्षित दिशेलाच रोखून ठेवा.

सुधन्वा_एनजे · ११ जून, सकाळी ११:३०

मी न्यू जर्सीहून येणार आहे, पुढच्या वर्षी. विमानातून दारू आणता येईल का? आणि एच-वनवर असताना बंदूक बाळगणं कायदेशीर आहे का? व्यक्तिगत निरोप पाठवण्यापेक्षा इथेच विचारतो, इतरांनाही उपयोग होईल.

आटेपिळे · ११ जून, दुपारी १२:१०

दारू, तिचे पर्याय, टोप्या, प्रायमर यांतलं काहीही विमानात नेता येत नाही, हातातल्या सामानात नाही आणि चेक-इनमध्येही नाही. बंदूक कुलूपबंद कडक पेटीत, काउंटरवर सांगून. दारू डेन्व्हरला उतरल्यावर विकत घ्या. तुमच्या बाराची दारू इथे दुकानात असेलच असं धरून चालू नका. आधी फोन करा, नाहीतर नव्या दारूवर पुन्हा नेम बसवायला एक दिवस राखून ठेवा.

व्हिसाचं असं: संघराज्याच्या कायद्यात एच-वनसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला मनाई आहे, पण कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असेल तर अपवाद आहे. शिवाय काळ्या दारूची, काडतूस न घेणारी ठासणीची बंदूक त्या कायद्यात बहुतांशी बंदूक म्हणून धरलीच जात नाही, काही मॉडेलं सोडून. राज्याराज्यांचे नियम निराळे आहेत आणि न्यू जर्सीचे कडक आहेत. ग्रीन कार्डची रांग लावून बसलेल्या माणसाने इथे अंदाजाने चालू नये. वकिलाला पैसे देऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या. अजून एक, १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला इथे शिकार-शिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. ते हिवाळ्यातच उरकून घ्या, ड्रॉचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात.

निसर्गवेडी · ११ जून, दुपारी ३:२५

सगळं तांत्रिक ज्ञान मान्य. पण मुळात इतकं देखणं जनावर मारायचंच कशाला? दुकानात मांस मिळत नाही का? वाचून वाईट वाटलं, म्हणून लिहिलं.

देवदार · ११ जून, संध्याकाळी ६:४०

निसर्गवेडीताई, वाईट वाटणं अगदी खरं आहे. मलाही प्रत्येक वेळी वाटतं, आणि ज्या दिवशी वाटणार नाही त्या दिवशी मी बंदूक ठेवून देईन.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोत एल्क जवळजवळ संपले होते. बेसुमार, बेकायदा, बाजारासाठी केलेल्या शिकारीने संपले. मग वायोमिंगमधून आणून सोडले, शिकारीला मर्यादा घातल्या. आज इथे अडीच लाखांच्या वर आहेत, जगात कुठल्याही राज्यात नाहीत इतके. त्यांच्या देखभालीचा खर्च मोठ्या प्रमाणात परवान्यांच्या फीमधून आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखाली बंदुका व दारूगोळ्यावर बसणाऱ्या करातून निघतो. कुठल्या भागात किती नर, किती माद्या, हे मोजून ठरतं. पठारावरच्याला मिळालेला परवाना त्याच मोजणीतला एक.

दुकानातलं मांसही कुणीतरी मारलेलंच असतं. माझ्या ताटातल्या जनावराला मी स्वतः पाहिलेलं असतं, एवढाच माझा फरक. तुम्हाला पटलं नाही तरी माझी तक्रार नाही. पण याच कारणासाठी हा धागा मला महत्त्वाचा वाटतो. मारायचंच असेल तर एका गोळीत, जनावराला कळायच्या आत. बार निवडण्याची सगळी खटपट त्यासाठीच.

निसर्गवेडी · ११ जून, रात्री ८:०५

पटलं असं म्हणणार नाही. पण उत्तर मनापासून दिलंत, त्याबद्दल आभार. वाचत राहीन.

पठारावरचा · २३ ऑगस्ट, रात्री ११:१०

मंडळी, उन्हाळाभर दर शनिवारी रेंजवर होतो. निकाल:

७० ग्रेनला १०० यार्डांवर पाच इंच. ७५ ला चार. ८० ला तीन, आणि हे चार वेगवेगळ्या शनिवारी जवळजवळ तसंच आलं. ८५ ला पुन्हा साडेचार. ९० ला सहा. म्हणजे जूनमध्ये १०० ग्रेन भरून, न पुसता मी स्वतःच पसारा करत होतो. देवदारकाका, माझ्या नळीलाही ८० च आवडतं.

१०० यार्डांवर बरोबर बसवली तर ५० वर अडीच इंच वर लागते आणि १५० वर जवळजवळ दहा इंच खाली. ते दहा इंच बघितल्यावर १५० चा विचार मनातून गेला. उघड्या माशीवर पाठ टेकून, गुडघ्यावर कोपर ठेवून मी ८० यार्डांपर्यंत दहापैकी दहा गोळ्या कागदी ताटात मारतो. १०० वर आठ. तर माझी हद्द ८०. गजावर दोन पांढऱ्या खुणा केल्या आहेत. एकदा जागेवरून थेट उभं राहून, धापा टाकत मारायचा सराव केला, तर ८० वर दहापैकी सहाच. म्हणून टेकायला जागा नसेल तर ५०.

मोगरा_माँट्रोज · २४ ऑगस्ट, सकाळी ७:१५

धापा टाकत सराव केलात, फार बरं केलंत. दहा हजार फुटांवर हृदय कानात वाजत असतं. नारिंगी किंवा गुलाबी कपडा विसरू नका, ५०० चौरस इंच आणि डोक्यावरही. गाडीत बंदूक ठेवताना प्रायमर काढलेला हवा.

पठारावरचा · १९ सप्टेंबर, रात्री १०:३०

झालं मंडळी. हंगामाच्या सहाव्या दिवशी.

पहिले चार दिवस नुसते आवाज. नर पहाटे असे काही ओरडतात की अंगावर काटा येतो, सुरुवातीला शिट्टी, शेवटी घोगरी गुरगुर. पाचव्या दिवशी दुपारी गारांचा पाऊस, मी झाडाखाली बसून नळीवरची चिकटपट्टी चाचपत होतो. संध्याकाळी तंबूत प्रायमर काढून ठेवला. सहाव्या दिवशी सकाळी जुना बार मातीच्या बांधावर उडवून टाकला, नळी पुसली, दोन प्रायमर रिकामे उडवले, गवताचं पातं हललं, नवा बार भरला. खूण बरोबर तोंडाशी.

संध्याकाळी सव्वासहाला ओढ्याच्या काठी एका पडलेल्या लॉजपोल पाइनला टेकून बसलो होतो. वारा वरून माझ्याकडे. सहा माद्या आणि दोन पिल्लं उतरली. सगळ्यांत पुढची म्हातारी माझ्याकडे बघत थांबली, कान फिरवले, मग मान खाली घातली. तिच्या मागची आडवी झाली. पिल्लू तिच्याजवळ नव्हतं, ते दोनदा बघून घेतलं. नंतर मोजलं, ६२ यार्ड. पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात माशी टेकवली.

बार उडाला आणि समोर पांढरी भिंत उभी राहिली. काही दिसेना. मोगराताईंनी फोनवर सांगितलं होतं, दिसलं नाही तर ऐका. ऐकलं. खुरांचा गडगडाट, फांद्या मोडल्या, मग वीसेक सेकंदांनी एकच जड आवाज, आणि शांतता.

तिथे माझ्याकडून चूक झाली. दुसरा बार भरायला घेतला, हात थरथरत होते, चिंधी फिरवायची राहिली. दारू ओतली, गोळी ढकलली, गज थांबला. मला वाटलं बसली. अंधारत आलं होतं. अंगठा फिरवला तर पांढरी खूण नळीच्या वर दोन बोटं होती. गोळी कड्यावर अडकली होती. प्रायमर लावला नाही. दोन मिनिटं नुसता श्वास घेतला, मग गजावर सारखा दाब देत सावकाश खाली नेली, खूण तोंडाशी आली. तो बार लागलाच नाही.

अर्धा तास थांबून गेलो. माग शोधावा लागला नाही, दोन्ही बाजूंनी रक्त होतं. सत्तर पावलांवर पडली होती. गोळी दोन्ही फुप्फुसांतून आरपार, पलीकडचं भोक अंगठा जाईल एवढं. तिच्या गळ्यावर हात ठेवून बसलो थोडा वेळ. निसर्गवेडीताई, तुमची आठवण झाली.

चार तंगड्या, पाठीचे लांब तुकडे, आतले कोवळे, मानेचं मांस. चार फेऱ्यांत गाडीपर्यंत, शेवटची पहाटे तीनला. डोकं हरणांना होणाऱ्या सीडब्ल्यूडी रोगाच्या तपासणीला दिलं आहे, निकाल येईपर्यंत फ्रीझरमधल्या पिशव्यांना हात लावणार नाही. बंदूक त्याच रात्री गरम पाण्याने आणि साबणाने धुतली. पाणी तीनदा काळं आलं, चौथ्यांदा स्वच्छ.

कुडाळकर_बाप्पा · २० सप्टेंबर, संध्याकाळी ७:००, भारतीय वेळ

बाबांना पूर्ण वाचून दाखवलं. खुणेच्या जागी आलो तेव्हा मला थांबवून म्हणाले, तो परिच्छेद परत वाच. मग उठून आपला गज काढला, रेघेवर नख फिरवलं. बरीच झिजली आहे. उद्या सकाळी नवी पाडायची म्हणतात.